पत्रकार आमदार झाला, समाज मात्र श्रोताच राहिला

इम्तियाज जलील यांच्याविषयी आपल्या समाजात दोनच प्रकारे बोलले जाते. एक गट म्हणतो, ते कौमचे शेर आहेत. दुसरा म्हणतो, ते मते फोडणारे आहेत. चहाच्या हॉटेलात, लग्नाच्या मांडवात, मशिदीबाहेरच्या कट्ट्यावर हीच दोन वाक्ये उलटसुलट ऐकू येतात. या दोन्ही वाक्यांत विचार कमी आणि आळस जास्त आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. शेर म्हटले की आपल्याला काही करावे लागत नाही, शेर पाहून घेईल. मते फोडणारा म्हटले तरी काही करावे लागत नाही, दोष कोणाचा ते ठरून गेलेले असते. एका माणसाच्या दहा-अकरा वर्षांच्या राजकीय प्रवासातून समाजाने काय शिकायला हवे होते आणि काय शिकला नाही, हा खरा प्रश्न आहे. तो कोणी विचारत नाही, म्हणून हा लेख.

आधी हकीकत पाहू. १९६८ साली औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) जन्मलेला हा माणूस शिकलासवरलेला. व्यवस्थापनाची पदवी घेतली, पत्रकारितेचीही घेतली. 'लोकमत' समूहाच्या इंग्रजी दैनिकात उमेदवारी केली, मग एनडीटीव्ही या वाहिनीसाठी पुण्यातून अनेक वर्षे बातमीदारी केली. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर नोकरी सोडली आणि मजलिसच्या तिकिटावर औरंगाबाद मध्य मतदारसंघातून उभे राहिले. ६१,८४३ मते घेऊन ते निवडून आले. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत दुसऱ्यांच्या निकालाच्या बातम्या देणारा माणूस स्वतःच बातमी झाला.

त्या विजयाचे फटाके आम्हाला आठवतात. पण फटाक्यांच्या धुरात एक आकडा दिसेनासा झाला. त्या वर्षी शिवसेना आणि भाजप वेगवेगळे लढले होते. दोघांनाही चाळीस हजारांच्या वर मते मिळाली आणि त्यांची बेरीज जलील यांच्या मतांहून बरीच जास्त होती. हे त्यांचा विजय लहान करण्यासाठी सांगत नाही. निवडणुकीत गणित असतेच. पण ज्याने गणिताला करामत समजले, त्याला पुढच्या पराभवाचा अर्थही लागत नाही.

आता सभागृहात जाऊ. ज्या वर्षी जलील आमदार झाले, त्याच वर्षी आपल्या मुलांच्या शिक्षणाचा एक मोठा प्रश्न विधानभवनात मरत होता. सच्चर समितीचा अहवाल २००६ चा. त्यानंतर राज्याने २००८ मध्ये डॉ. महमूदुर्रहमान समिती नेमली, तिचा अहवाल २०१३ मध्ये आला. जुलै २०१४ मध्ये काँग्रेस आघाडीच्या सरकारने अध्यादेश काढून मराठा समाजाला सोळा आणि मुस्लिमांमधील मागास घटकांना पाच टक्के आरक्षण दिले. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली, नोकरीतल्या मुस्लिम आरक्षणालाही दिली, पण शिक्षणातले पाच टक्के मात्र चालू ठेवले. न्यायालयाने जे राहू दिले, ते सरकारने राहू दिले नाही. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात नव्या सरकारने मराठा आरक्षणाचा कायदा करून घेतला आणि मुस्लिमांचा अध्यादेश तसाच संपू दिला. ना चर्चेत हरलो, ना न्यायालयात. मुदत संपलेल्या औषधासारखे आपले पाच टक्के कपाटात पडून वाया गेले.

त्या वेळी सभागृहात मजलिसचे आमदार दोन. औरंगाबादचे जलील आणि भायखळ्याचे वारिस पठाण. २८८ मध्ये दोन. या दोघांना दोष देणे सोपे आहे, पण आधी हिशेब त्यांच्याकडे मागावा, जे १९९९ पासून सलग पंधरा वर्षे सत्तेत होते. सच्चर अहवाल आल्यावर आठ वर्षे हातात होती. लोकसभेत मे २०१४ मध्ये सपाटून मार खाल्ल्यावर आणि विधानसभेला तीन महिने उरल्यावर त्यांना आपली आठवण झाली. कायदा करायला वेळ होता तेव्हा केला नाही, आणि वेळ नव्हता तेव्हा अध्यादेश काढला. पुढे महाविकास आघाडीच्या काळात, फेब्रुवारी २०२० मध्ये, तेव्हाचे अल्पसंख्याक मंत्री नवाब मलिक यांनी शिक्षणात पाच टक्क्यांची घोषणा विधान परिषदेत केली. तिचाही कायदा झाला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये जलील याच मागणीसाठी औरंगाबादहून मुंबईला तिरंगा घेऊन मोर्चा घेऊन गेले, तेव्हा सरकार कोणाचे होते हे आठवून पाहावे. त्या मोर्च्याला कोणी अडवले, याचे उत्तर 'मते फोडणारे' म्हणणाऱ्यांनी द्यावे.

दुसरा प्रसंग १६ मार्च २०१६ चा. विधानसभेत राज्यपालांच्या अभिभाषणावर चर्चा चालू होती. सरकारी पैशातून स्मारके उभारण्याविषयी जलील यांनी प्रश्न उपस्थित केला. प्रश्न पैशाचा होता, लोकांच्या गरजांचा होता. पाहता पाहता चर्चा 'भारतमाता की जय' या घोषणेवर आणली गेली. वारिस पठाण यांनी 'जय हिंद म्हणेन, ही घोषणा देणार नाही' अशी भूमिका घेतली आणि अधिवेशन संपेपर्यंत त्यांना निलंबित करण्यात आले. काँग्रेस आणि राष्ट्रवादीनेही त्याला पाठिंबा दिला. दुसऱ्या दिवशी सर्व वर्तमानपत्रांत घोषणा होती. स्मारकाच्या पैशाचा प्रश्न कुठेच नव्हता.

ज्याने आयुष्याची वीसेक वर्षे बातमी कशी बनते हे शिकण्यात घालवली, त्याच्या प्रश्नाची बातमी झाली नाही. का? कारण कॅमेऱ्याला मुसलमान आमदाराकडून प्रश्न नको असतो, त्याला भांडण हवे असते. घोषणा दे की नको देऊ, टोपी घाल की काढ, एवढाच त्याला रस. पण आम्ही इथे थांबणार नाही. कॅमेऱ्याला भांडण हवे असते हे खरे, पण आपल्या मोबाइलवर दुसरे काय असते? आपल्या मोहल्ल्यात जे तुकडे फिरतात ते कोणते असतात? 'जलील साहेबांनी तोंड बंद केले', 'ओवैसी साहेबांची गर्जना'. एखादा तारांकित प्रश्न आणि त्याचे मंत्र्याने दिलेले उत्तर असा तुकडा कधी फिरला आहे काय? म्हणजे वाहिन्यांना जे हवे तेच आपल्यालाही हवे. मग वाहिन्यांवर रागावण्यात काय अर्थ?

याची उलट बाजू पाहावी. खासदार असताना जलील यांनी सरकारी दवाखान्यांतील रिकाम्या जागा आणि अपुऱ्या सोयींबद्दल उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिका केली आणि वकील न लावता स्वतः उभे राहून ती चालवली. कागद जमवणे, आकडे ताडून पाहणे, अधिकाऱ्याला नेमका प्रश्न विचारणे, ही बातमीदाराची खरी विद्या. ती इथे लोकांच्या कामी आली. सरकारी दवाखान्यात सगळ्या जातिधर्मांचा गरीब येतो, त्यामुळे या कामाला कोणी जातीयही म्हणू शकत नाही. आम्ही ओळखीच्या दहाबारा तरुणांना या याचिकेबद्दल विचारले. दोघांना माहीत होते. भाषणे मात्र सर्वांना पाठ होती.

हे आमच्या लेखाचे मूळ दुखणे. पत्रकार प्रश्न विचारतो, उत्तर मिळाले नाही तरी त्याची बातमी होते आणि त्याचे काम संपते. आमदाराचे काम तिथून सुरू होते. त्याने उत्तर काढून घ्यायचे, मग निधी, मग शासन निर्णय, मग त्याची अंमलबजावणी. आपल्या समाजाने पत्रकाराला आमदार केले खरे, पण त्याच्याकडून अपेक्षा पत्रकाराचीच ठेवली. चांगले बोलला की आपले समाधान.

शेजारच्या मालेगावचेच उदाहरण घ्या. निहाल अहमद यांच्या राजकारणाशी ज्यांचे पटत नव्हते तेही मान्य करतील की सभागृहाचे नियम त्यांना ठाऊक होते. १९८६-८७ मध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. एका यंत्रमागाच्या गावाचा मुसलमान आमदार अख्ख्या महाराष्ट्राच्या विरोधी पक्षाच्या वतीने बोलत होता. तेव्हा ना वाहिन्या होत्या, ना मोबाइल. आज विधानसभेत असा मान कोणाला मिळतो, आणि तो मिळावा म्हणून आपण कोणाला तयार करतो?

पत्रकारितेतून विधिमंडळात गेलेले आणखी एक नाव आम्हा शिक्षकांना चांगले माहीत आहे. 'आज दिनांक'चे संपादक राहिलेले कपिल पाटील २००६ मध्ये मुंबईच्या शिक्षक मतदारसंघातून विधान परिषदेवर गेले आणि आणखी दोनदा निवडून येऊन २०२४ पर्यंत तिथे होते. तिथे त्यांच्यामागे काय होते? शिक्षकांची संघटना होती. पगार, मान्यता, पदे यांचे कागद घेऊन रोज दारात उभे राहणारे लोक होते. मतदार हिशेब मागत होते म्हणून आमदार हिशेब देत होता. जलील यांच्यामागे गर्दी होती, पण कागद घेऊन उभी राहणारी संघटना आपण दिली का?

आता 'मते फोडणारे' या आरोपाकडे येऊ. २०१९ ची लोकसभा. मजलिस आणि वंचित बहुजन आघाडी एकत्र. जलील ४,४९२ मतांनी निवडून आले. तिसऱ्या क्रमांकाच्या हर्षवर्धन जाधव यांनी दोन लाख ८३ हजारांवर मते घेतली होती, हे गणित इथेही होते. पण दलित वस्त्या आणि मुस्लिम मोहल्ले एका चिन्हावर आले, हे त्याहून मोठे होते. १९८० मध्ये उर्दूचे नामवंत कवी काझी सलीम याच मतदारसंघातून लोकसभेत गेले होते. त्यानंतर ३९ वर्षांनी तिथून दुसरा मुसलमान खासदार झाला. आणि राज्याचे पाहिले तर २००४ च्या अंतुले साहेबांनंतर महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेला हा पहिला मुसलमान. सव्वा कोटीहून अधिक मुसलमान असलेल्या राज्यात पंधरा वर्षांनी एक.

आणि ही युती किती दिवस टिकली? निकाल मे महिन्यात, फारकत सप्टेंबरमध्ये. जागावाटपाचे निमित्त. जे दलित-मुस्लिम ऐक्य आपले विचारवंत चाळीस वर्षे परिसंवादांत मागत होते, ते मतपेटीत उतरले आणि चार महिन्यांत मोडले. यासाठी दोन्ही बाजूंच्या नेत्यांना जाब विचारायला हवा होता. आपण विचारला नाही, कारण आपण 'आपला खासदार झाला' या आनंदात होतो. २०२४ मध्ये त्याच औरंगाबादेत वंचितने स्वतःचा उमेदवार दिला आणि जलील एक लाख ३४ हजारांहून जास्त मतांनी पडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये औरंगाबाद पूर्वमधून विधानसभेला ते २,१६१ मतांनी हरले. आपल्याच समाजाचे इतर उमेदवार तिथे उभे होते आणि त्यांच्या मतांची बेरीज या फरकाहून कितीतरी मोठी होती.

पण धर्मनिरपेक्ष म्हणवणाऱ्यांनी यावर हसू नये. २०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडीने महाराष्ट्रातील ४८ जागांपैकी एकाही जागेवर मुसलमान उमेदवार दिला नाही. काँग्रेसचे नसीम खान यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त करून प्रचार समितीचा राजीनामा दिला. परिणाम काय? महाराष्ट्रातून लोकसभेत मुसलमान खासदार शून्य. विधानसभेत २८८ मध्ये दहा, त्यात स्त्री एक. तिकीट द्यायचे नाही आणि दुसऱ्याच्या तिकिटावर कोणी उभा राहिला तर त्याला मते फोडणारा म्हणायचे, हा न्याय कुठला? मत हे मतदाराचे असते. ते कोणाच्या बापाची इस्टेट नाही की दुसऱ्याने ते फोडावे.

आणि मुसलमान फक्त मुसलमानालाच मत देतो, हा आरोप किती खोटा आहे ते पाहायला औरंगाबादला जायची गरज नाही. आमचे सटाणा म्हणजे बागलाण तालुका धुळे लोकसभा मतदारसंघात येतो. २०२४ मध्ये इथे काँग्रेसच्या शोभा बच्छाव सुमारे चार हजार मतांनी निवडून आल्या. सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत, आमच्या बागलाणातही, त्या मागे होत्या. एकट्या मालेगाव मध्यने त्यांना तारले. तिथल्या मुसलमानांनी एका मराठी हिंदू बाईला भरभरून मते दिली. याला कोणी लोकशाही म्हटले काय? नाही. त्याला 'व्होट जिहाद' असे नाव मिळाले. मुसलमानाला मत दिले तर जातीयवाद, हिंदूला दिले तर जिहाद. मग आम्ही मत द्यायचे तरी कोणाला? उत्तर सरळ आहे. ज्याला द्यायचे त्याला द्यावे, पण नंतर त्याच्या मागे लागावे. हे दुसरे अर्धे काम आपण करत नाही.

एक कसोटी आणखी. २० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षणाचे विधेयक लोकसभेत मंजूर झाले. बाजूने ४५४, विरोधात दोन. ते दोन म्हणजे ओवैसी आणि जलील. ओबीसी आणि मुस्लिम स्त्रियांना त्यात वेगळा वाटा नाही, हे त्यांचे कारण. कारण खरे आहे, आणि साडेचारशे हातांसमोर दोन हात वर करायला हिंमत लागते, हेही आम्ही मानतो. पण लोकसभेत आपल्या बहिणींचा वाटा मागणाऱ्या समाजाने मोहल्ल्यात तो किती दिला? मोहल्ला कमिटीत किती बाया आहेत? शाळेच्या संस्थेत किती आहेत? राखीव प्रभागातून निवडून आलेल्या नगरसेविकेच्या खुर्चीवर बैठकीत कोण बसते? दिल्लीत मागायचे आणि गल्लीत द्यायचे नाही, असे चालणार नाही.

यावर कोणी म्हणेल, सटाण्याच्या मुसलमानाला या सगळ्याचे काय? बागलाणची विधानसभा जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे. इथून आपल्यातला आमदार होणारच नाही. आम्ही म्हणतो, म्हणूनच हा प्रश्न सटाण्यातून जास्त स्वच्छ दिसतो. आपला आमदार आपल्या धर्माचा नसला तरी तो आपला आमदार असतोच. त्याला आपलेही मत मागावे लागते. त्याच्या लेटरहेडवर आपला प्रश्न जायला हवा. महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांत मुसलमानांची हीच स्थिती आहे. दहा आमदार किती ठिकाणी धावतील? उरलेल्या २७८ जणांकडून काम करून घ्यायची विद्या आपल्याला यायला हवी.

ती विद्या म्हणजे काय, हे आमच्या धंद्यातले उदाहरण देऊन सांगतो. उर्दू माध्यमाच्या शाळांत बिंदुनामावलीप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींसाठी पदे राखीव असतात. त्या प्रवर्गांत उर्दूतून शिकलेला उमेदवार क्वचितच मिळतो. पद रिकामे राहते, वर्ग रिकामा राहत नाही. एकेक शिक्षक दोन दोन वर्ग एकत्र बसवतो आणि नुकसान होते चौथीच्या पोराचे. यात कोणाचे आरक्षण हिसकावण्याचा प्रश्न नाही. त्या प्रवर्गांचा हक्क दुसऱ्या माध्यमाच्या शाळांत पुरा करून उर्दूच्या वर्गाला शिक्षक द्यावा, एवढाच व्यवहाराचा मार्ग आहे. हा प्रश्न घोषणेने सुटणार नाही. शाळेचे नाव, मंजूर पदे, भरलेली पदे, किती वर्षे रिकामी, असा एक पानाचा मराठी तक्ता लागेल. तो आमदाराच्या हाती द्यावा लागेल. त्यावर तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना मांडायला सांगावे लागेल. मंत्र्याने सभागृहात आश्वासन दिले तर त्या आश्वासनाची तारीख लिहून ठेवावी लागेल. हे काम कंटाळवाणे आहे. याला टाळ्या पडत नाहीत. पण सरकार यालाच उत्तर देते.

आणि तो तक्ता मराठीत लागेल, हे मुद्दाम सांगतो. आम्ही उर्दू शिकवतो, उर्दूवर आमचे प्रेम आहे, आणि ती मुसलमानांची परकी भाषा आहे असे म्हणणाऱ्यांशी आम्ही भांडत आलो आहोत. २००९ मध्ये हिंदीत शपथ घेतली म्हणून अबू आझमी यांना विधानसभेत धक्काबुक्की झाली, तेव्हा आम्हालाही चीड आली होती. मराठी धाकाने शिकायची भाषा नव्हे. पण शासन निर्णय मराठीत निघतो, तलाठ्याचा उतारा मराठीत असतो, आमदाराचा प्रश्न मराठीत छापला जातो. जलील यांना उर्दू, हिंदी, इंग्रजी, मराठी चारही भाषांत उत्तर देता येते, ही त्यांची मोठी ताकद. आपल्या उर्दू शाळांत मराठीचा तास आपण कसा घेतो? पास होण्यापुरता. पालकही म्हणतात, मराठीत पस्तीस पडले म्हणजे झाले. पस्तीस मार्कांच्या मराठीने अर्जसुद्धा लिहिता येत नाही, जाब विचारणे दूरच. या वार्षिकात लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनी तरी हे मनावर घ्यावे. आपण मराठीत कथा-कविता लिहितो ही चांगली गोष्ट आहे. आता मराठीत निवेदनेही लिहू या.

आमच्या गावाने एका माणसाला देव म्हटले आहे. यशवंत महाराज, देवमामलेदार. ते सरकारी मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना भुकेल्यांसाठी उघडला. आपल्या अकीद्यात माणसाला देव म्हणता येत नाही, पण कृतज्ञता कशाला म्हणतात ते आपल्यालाही कळते. दीडशे वर्षे झाली, त्यांचे एखादे भाषण कोणाला आठवते काय? लोकांना आठवते ती उघडलेली तिजोरी.

इम्तियाज जलील पुन्हा निवडून येतील किंवा येणार नाहीत. दुसरा कोणी बोलका तरुण कॅमेऱ्यासमोरून उठून उद्या सभागृहात जाईल. आपण त्याच्याही मिरवणुकीत नाचू. नाचायला आमची हरकत नाही. पण मिरवणूक संपल्यावर त्याच्या हातात तो एक पानाचा तक्ता द्यावा, आणि सहा महिन्यांनी जाऊन विचारावे, त्याचे काय झाले? हे विचारणारी पाच माणसे प्रत्येक मोहल्ल्यात निघाली नाहीत, तर आमदार कोणाचाही असो, तो आपला असणार नाही.